बादशाह मुलाणी आणि पाठीमागचं ऊन

बादशाह मुलाणी शिडाच्या नौकेतून समुद्र ओलांडून आला, त्याला आता वर्ष होत आलं. तरी त्या प्रवासाची धड हकीकत भिगवणात कुणाला ठाऊक नाही. कुणी विचारलं की बादशाह मधूनच सुरू करतो, मग मागं जातो, मग स्वतःच कोड्यात पडल्यासारखा गप्प बसतो. विचारणारा वैतागून चहा संपवतो आणि उठतो. लोकांना देवमासा हवा असतो, वादळ हवं असतं. ह्याच्याकडं दोन्ही नाही.

माझा स्टेशन रोडला फोटो स्टुडिओ आहे. बादशाह माझ्या वर्गातला. मला अर्धवट गोष्टीचा राग येतो. माणसानं सांगावं तर नीट सांगावं, नाहीतर तोंड उघडू नये. म्हणून त्याला दुकानात बसवून, तेच तेच पुन्हा विचारून आणि राहिलेलं त्याच्या बायकोकडून, फरिदाभाभीकडून काढून घेऊन मी हे जुळवलं आहे. जिथं जुळलं नाही तिथं तसं सांगतो.

आधी माणूस सांगतो. नाव बादशाह, आणि राज्य म्हणाल तर एक होडी. थंडीत उजनी धरणाच्या पाण्यावर रोहित पक्षी येतात, बदकं येतात, त्यांच्या मागोमाग पुण्या-मुंबईची माणसं मोठमोठे कॅमेरे गळ्यात घालून येतात. त्यांना पाण्यातून फिरवणं हा बादशाहचा धंदा. त्याच्या होडीला इतरांपेक्षा जास्त मागणी असते, आणि त्याचं कारण गिऱ्हाइकांनासुद्धा माहीत नाही. पक्षी दिसला की बादशाह इंजिन बंद करतो, बांबू हातात घेतो आणि बोलत बोलत होडी अशी फिरवतो की ऊन गिऱ्हाइकाच्या पाठीमागं यावं आणि पक्ष्याच्या अंगावर पडावं. हे तो इतकं हळू करतो की होडीत बसलेल्याला वाटतं, आपण जागेवरच आहोत. फोटो झकास येतो. गिऱ्हाईक खूश होऊन म्हणतं, "भिगवणला उजेड काय सुंदर असतो हो!" बादशाह म्हणतो, "असतो खरा." मी फोटोवाला, मला ऊन कळतं, म्हणून माझ्या ते लक्षात आलं. बाकीचे म्हणतील, बादशाह नुसता बडबड्या आहे.

ह्या गिऱ्हाइकांत एक निकिताताई. पुण्याच्या, पन्नाशीच्या, पक्ष्यांपायी वेड्या झालेल्या. दर थंडीला यायच्या, बादशाहच्याच होडीत बसायच्या आणि फरिदाभाभीच्या हातची चिलापी मासळी खाऊन जायच्या. त्यांनी एक शिडाची नौका घेतली होती. गोव्याहून निघून थेट सेशेल्स बेटांपर्यंत जायचं आणि वाटेत समुद्रातले पक्षी टिपायचे, असा बेत. कॅप्टन ठरले होते. तिसरा माणूस हवा होता, स्वयंपाक येणारा आणि पाण्याला न भिणारा. बादशाहनं आईला मक्केला, उमऱ्याला नेलं होतं, त्यामुळं पासपोर्टही तयार होता.

"ताई, मला समुद्राचं काय बी कळत न्हाय," तो म्हणाला.

"पाण्याचं कळतं ना?"

"पाण्याचं कळतं."

पहिला घोटाळा इथं झाला, असं माझं मत. फरिदाभाभीचंही तेच मत. "गिऱ्हाईक बोलावतंय म्हणून कुणी समुद्रात जातं व्हय?" असं त्या त्याला म्हणाल्या, आणि मग रागारागानं त्याच्या पिशवीत शेंगदाण्याची चटणी भरली.

कॅप्टन म्हणजे संभाजीतात्या. तेही आपल्याच भागातले, सणसरचे. घरचा ऊस भावाच्या मुलांकडं, आणि हे कोवळ्या वयात नौदलात गेले ते समुद्राचेच झाले. बायको नाही, मूलबाळ नाही. निवृत्त झाल्यावर ते लोकांच्या नौका ह्या बंदरातून त्या बंदरात पोचवून द्यायचे. सत्तरीला टेकलेला माणूस, पण डोलकाठीवर माकडासारखा चढायचा. गाववाला भेटला म्हणून बादशाह हरखला. त्याला वाटलं, चला, कालव्याच्या पाण्याच्या, कारखान्याच्या निवडणुकीच्या गप्पा मारत जाऊ. पण तात्यांचं बोलणं एकदम छापील. "बादशाह, नौकेवर शिस्त असते. आपली पाळी संपली की विश्रांती घ्यायची. अनावश्यक बोलायचं नाही." सणसरचा माणूस असं बोलतो हे ऐकून बादशाहला पहिल्याच दिवशी परक्या मुलखात आल्यासारखं झालं.

किनारा दिसेनासा झाला तेव्हा त्यानं विचारलं, "तात्या, आता किनारा कुठल्या अंगाला ऱ्हायला?"

"सगळ्या अंगांना," तात्या म्हणाले. "पण लांब."

हे उत्तर त्याच्या डोक्यात काही बसलं नाही. उजनीत कुठंही बांबू घाला, खाली काहीतरी लागतं. कुणाचं शेत, कुणाचा बांध, पाण्यात गेलेल्या घराचा चौथरा. तळ कसा आहे ते हाताला कळतं. इथं खाली किती पाणी आहे हे तात्यांनी सांगितलं तेव्हा बादशाहनं ते ऐकलं आणि पुढं कित्येक दिवस त्याचा विचार न करण्याचा प्रयत्न केला. शिवाय नौका चालते आहे की उभी आहे हेच समजायचं नाही. सकाळी उठावं तर तेच पाणी, तेच आभाळ. निकिताताई नकाशावर बोट ठेवून म्हणायच्या, काल आपण इथं होतो, आज इथं आहोत. बादशाह मान हलवायचा. मनात म्हणायचा, बाईमाणूस आहे, कशाला वाद घाला.

स्वयंपाकाची तर निराळीच तऱ्हा. शेगडी पाळण्यासारखी टांगलेली. नौका कलली तरी शेगडी सरळ राहते, त्यामुळं बघणाऱ्याला वाटतं शेगडीच झुलते आहे, आणि झुलत असतो आपणच. बादशाह स्वतःला पट्ट्यानं ओट्याशी बांधून घ्यायचा आणि भाकरी थापायचा. ती एकीकडं जाड, एकीकडं पातळ व्हायची. चहाचा कप अर्धाच भरायचा, कारण वरचा अर्धा आपल्या अंगावर येणार हे ठरलेलं. कांदे जाळीत टांगलेले, ते दिवसभर त्याच्या कानशिलात मारायचे. प्यायचं पाणी जपून. भांडी समुद्राच्या पाण्यानं, अंघोळ समुद्राच्या पाण्यानं. अंग वाळलं की मीठ पांढरं दिसायचं, आणि तो ते बोटानं खरवडून बघायचा. "सगळा जन्म पाण्यात गेला," तो मला म्हणाला, "आन चौफेर पाणी असून तांब्याभर पाण्याला मी महाग!"

सकाळी डेकवर उडते मासे पडलेले असायचे. जाळं नाही, गळ नाही, मासा आपल्या पायानं आलेला. भिगवणच्या माणसाला हे झेपणं कठीण. आमच्याकडं मासा म्हटला की पहाटेपासून ओरडाआरडा, बोली, भांडणं. बादशाहनं पहिल्यांदा तो मासा उचलून निकिताताईंना विचारलं, "हा कुणाचा?" त्या हसल्या. मासा तळला, सगळ्यांनी खाल्ला, पण ह्याच्या मनात येतच राहिलं की मागून कुणीतरी विचारायला येईल.

आणि नमाज. काबा कुठल्या दिशेला, हे ताई होकायंत्र बघून सांगायच्या. पण सजद्याला वाकावं आणि उठावं तोवर नौकेचं तोंड हललेलं असायचं. पहिले काही दिवस तो फार अस्वस्थ होता. मग आपोआपच ते थांबलं. तो उभा राहिला की नौका रुळावर घातल्यासारखी सरळ जायची. त्याला वाटलं, अल्लानं ऐकलं. बऱ्याच दिवसांनी ताईंनी सांगितलं, की तेवढा वेळ तात्या सुकाणू आपोआप सांभाळणारं यंत्र बंद करून स्वतः चाक धरतात. तात्या स्वतः ह्याबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. बादशाहला त्या माणसाचा लळा लागला तो तेव्हापासून.

आता त्या दिवसाचं. इथं थोडं नौकेचं सांगावं लागेल. मोठ्या शिडाच्या खाली एक जाड आडवा दांडा असतो. वारा मागून येत असला की शीड आणि दांडा एका बाजूला पसरलेले असतात. अशा वेळी नौका भलतीकडं वळली तर वारा शिडाच्या दुसऱ्या बाजूनं घुसतो आणि तो दांडा डोक्यावरून सपकन पलीकडं जातो. मधे कुणी उभं असेल तर संपलंच. म्हणून दांडा एका दोरीनं पुढं बांधून ठेवतात. त्या दिवशी सकाळी ती दोरी झिजलेली दिसली म्हणून तात्यांनी ती सोडली. नवी बांधायची होती. मधे जेवणं झाली आणि ते राहून गेलं.

दुपार कलली होती. पाळी बादशाहची. पाळी म्हणजे नुसतं बसून बघायचं, कारण चाक यंत्र सांभाळायचं. तात्यांनी बजावलेलं होतं, "हात लावायचा नाही. काही दिसलं तर हाक मारायची." पण नमाजाच्या वेळी यंत्र कसं बंद करतात, हे ह्यानं बघितलेलं होतं. ताई खाली झोपल्या होत्या. तात्या डोलकाठीच्या मागं बसून काहीतरी शिवत होते.

आणि पक्षी आला. पांढराशुभ्र, शेपटीला दोन लांब पिसं, अगदी हातभर. ताई निघाल्यापासून ज्याची वाट बघत होत्या तोच. नौकेच्या पुढं घिरट्या घालायला लागला, नेमका उन्हाच्या तोंडाला. तिथं फोटो काढला तर पक्षी काळा येणार, हे बादशाहला उघड्या डोळ्यांनी दिसत होतं.

"ताई, पक्षी!" त्यानं हाक मारली. खालून कॅमेरा शोधण्याची धडपड ऐकू आली. आणि गिऱ्हाईक वर येईपर्यंत पक्षी उजेडात आणून ठेवायचा, ही त्याच्या हाताची सवय. त्यानं बटण दाबलं, चाक धरलं आणि नौका वळवली.

"मी वळवली असं मला वाटलंच न्हाय," बादशाह म्हणतो. "मला वाटलं, मी उजेड बघतोय."

दांडा आला. तात्या तो पक्षी बघायलाच उभे राहिले होते.

ताई वर आल्या तेव्हा शीड उलटं भरलेलं, नौका आडवी होऊन हेलकावे खात होती, तात्या डेकवर पडलेले आणि त्यांच्या कानामागून रक्त येत होतं. बादशाह त्यांचं डोकं मांडीवर घेऊन मोठमोठ्यानं दुवा म्हणत होता. ताईंनी धीरानं सगळं सावरलं, शीड उतरवलं, उपग्रहाच्या फोनवरून डॉक्टर गाठला. तात्या शुद्धीवर आले, उलट्या झाल्या, बरगड्यांना लागलं होतं. डॉक्टर म्हणाला, झोपवून ठेवा, लक्ष ठेवा. पुढच्या काही दिवसांत जिवाचा धोका टळला. पण त्या दिवसाची आठवण तात्यांच्या डोक्यातून पार पुसून गेली होती. सकाळचा नाश्ता आठवत होता, पुढचं काही नाही.

बादशाह शिव्यांची वाट बघत होता. आमच्याकडं होडीतून गिऱ्हाईक पाण्यात पडलं तर काठावर आल्या आल्या चार लोक अंगावर येतात, आईबहीण काढतात, एखादी थोबाडीत बसते आणि संध्याकाळी सगळं मिटतं. इथं काहीच नाही. ताईंनी दोरी बघितली, सुटलेली. यंत्र बघितलं, बंद. त्या म्हणाल्या, "यंत्र मधेच बंद पडलेलं दिसतंय. बादशाहभाई, आता यावर भरवसा नको. दिवसा आपण दोघं हातानंच चालवू." आणि त्यांनी चाक त्याच्या हातात दिलं.

ज्याच्या हातानं झालं त्याच्याच हातात चाक! आता ह्याला शिक्षा म्हणावी की बक्षीस, हे बादशाहला कळेना. रात्री ताई यंत्र लावायच्या आणि त्याच्याजवळ बसून राहायच्या. ते नीट चालायचं. त्या म्हणायच्या, "बघा, आता कसं गप चालतंय." बादशाह खाली बघायचा.

पण खरी गोष्ट पुढंच आहे. तात्या उठून बसायला लागले तेव्हा त्यांनी पहिलं विचारलं, "दांड्याची दोरी बांधलेली नव्हती?" ताईंना खोटं बोलता येईना. तात्या म्हणाले, "म्हणजे माझ्या हातून झालं."

त्यानंतर तो माणूस बदलला. वर यायचा तो एका कोपऱ्यात बसून राहायचा. स्वतः बांधलेली गाठ सोडून पुन्हा बांधायचा, आणि तरी ताईंना विचारायचा, "नीट आहे ना?" ताई म्हणाल्या, थोडा वेळ चाक धरता का, तर दोन्ही हात मांडीखाली घातले. "नको. मी दोरी बांधायला विसरलो, आणि विसरलो हेही मला आठवत नाही. अशा माणसाच्या हातात नौका देऊ नये." बेटांवर पोचलो की विमानानं घरी जायचं आणि पुन्हा नौकेवर पाय ठेवायचा नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. घर म्हणजे सणसर, म्हणजे भावाच्या मुलांच्या ओसरीवरची एक खाट. ताई खाली जाऊन रडल्या. बादशाहला अन्न गोड लागेना.

त्यानं आधी ताईंना सांगितलं. "ताई, यंत्र बिघडलं न्हवतं. म्या बंद केलं. नाव म्या वळवली."

"का?"

"ऊन तुमच्या पाठीमागं आणायला."

ताईंचे डोळे भरून आले. "बादशाहभाई, तुम्ही फार चांगले आहात. पण तात्यांसाठी असं खोटं स्वतःवर घेऊ नका."

"आवं खरं हाय! भिगवणला दर खेपंला मी तेच करतो की!"

"भिगवणला तुम्ही होडी हलवतसुद्धा नाही," ताई समजूत घालत म्हणाल्या. "तिथला उजेडच तसा आहे."

आता ह्याला काय म्हणावं? जन्मभर जे कुणाला कळू नये अशा बेतानं केलं, ते खरंच कुणाला कळलं नव्हतं. माझा तर ऐकूनच जळफळाट झाला. मी असतो तर ताईंना चार फोटो काढून दाखवले असते, पण मी भिगवणात आणि हा समुद्राच्या मधोमध.

मग तो तात्यांकडं गेला. चांगलं समोर बसून सांगितलं. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, "चालत्या नौकेचं तोंड वाऱ्याकडं न बघता, उन्हाकडं बघून वळवलंस? फोटोसाठी?"

"व्हय, तात्या."

"बादशाह, एवढं आयुष्य समुद्रावर गेलं. दारू पिऊन नौका वळवलेली बघितली, झोपेत वळवलेली बघितली. उन्हासाठी कुणी वळवत नाही. मला सांत्वन नको आहे." आणि त्यांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं.

ते थोपटणं बादशाहला मारापेक्षा जास्त लागलं. तो मला म्हणाला, "माऊली, मला येड लागायची पाळी आली. चूक माझी, आन ती मला मिळंना." दुसऱ्या कुणाकडं जाऊन सांगावं तर चौफेर पाणी. कधीकधी चाक धरून बसल्यावर त्याला स्वतःलाच शंका यायची की खरंच आपण वळवली होती का. ताई एवढ्या शिकलेल्या, तात्या एवढे अनुभवी, दोघं म्हणतात नाही, तर नसेलही. असं वाटलं की त्याला भीती वाटायची आणि तो पटकन होकायंत्राकडं बघायचा.

बेटं जवळ आली तसे पक्षी वाढले. एका सकाळी लहान, दुधासारखे पांढरे पक्षी नौकेभोवती आले, अगदी हाताला लागतील इतके जवळ. ताईंनी त्या अपघातानंतर कॅमेऱ्याला हात लावला नव्हता. त्या दिवशी लावला. दांडा दोरीनं पक्का बांधलेला होता. चाकावर बादशाह. तात्या त्याच्यासमोर बसून कालचीच गाठ पुन्हा सोडत होते. ताई उभ्या राहून कॅमेऱ्यात बघायला लागल्या, आणि पक्षी सगळे नेमके उन्हाच्या तोंडाला.

नौका वळायला लागली. हळू, अगदी हळू. ताईंना पत्ता नाही. तात्यांनी मान वर केली. वारा गालावर दुसरीकडून लागला म्हणून वर केली असणार. त्यांनी आधी शिडाकडं बघितलं, मग पक्ष्यांकडं, मग ताईंच्या पाठीकडं, तिथं ऊन सरकत सरकत येत होतं. मग बादशाहच्या हातांकडं बघितलं. बादशाह पक्ष्यांकडं बघत होता. शीड फडफडायला लागलं.

"आरं ए मुडद्या!" तात्या उठून उभेच राहिले. "नाव कुठं फिरवतोय? तुझ्या बानं अशी नाव हाकली व्हती का रं? वारा कुठं, तू कुठं! उनाकडं पाठ करतोय व्हय?"

इतके दिवस छापील बोलणाऱ्या माणसाच्या तोंडून सणसर असं बाहेर पडलं की ताईंच्या हातून कॅमेरा पडता पडता राहिला.

"त्या दिशी बी हेच केलंस?"

"व्हय, तात्या."

"मंग सांगितलं का न्हाईस?"

"दोनदा सांगितलं, तात्या."

मग तात्यांनी ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत, त्यांत उसाच्या वाढ्यापासून बादशाहच्या आजोबांपर्यंत सगळं आलं. देता देता त्यांचा आवाज फुटला. "आरं, मी सोताला म्हातारा समजाय लागलो व्हतो की! दोरी सोडली ती सोडली, पर नाव तर म्या वळवली न्हवती!" एवढं बोलून त्यांनी बादशाहला कोपरानं ढकललं. "सरक तिकडं." आणि चाक स्वतःच्या हातात घेतलं.

शीड भरलं, नौका सरळ झाली. पुन्हा चाकाला हात लावशील तर तंगडं मोडीन, असं तात्यांनी सांगितलं आणि त्याला खाली पिटाळलं. बादशाह खाली जाऊन ओट्याशी बसला आणि हुंदके देऊन रडला. ताईंना वाटलं, शिव्यांमुळं रडतोय. त्यांनी त्याला पाणी दिलं, चांगला भरलेला पेला. तो म्हणतो, मी सुटलो म्हणून रडत होतो. आणि चाक गेलं म्हणूनही. दोन्हीतलं जास्त काय होतं ते त्याला अजून सांगता येत नाही.

मी त्याला सरळ विचारलं, "मुद्दाम वळवलीस का रे दुसऱ्यांदा? तात्यांनी बघावं म्हणून?"

तो माझ्या दुकानातल्या फोटोंकडं बघत म्हणाला, "मुद्दाम केलं म्हणावं तर माझं ध्यान पक्ष्यांकडं व्हतं. न्हाय म्हणावं, तर वळताना दांडा बांधलेला हाय का, एवढं मात्र म्या बघितलं व्हतं." इथं माझी गोष्ट जुळत नाही. मी त्याला पुष्कळ झापलं, पण ह्याच्या पुढं तो सरकत नाही.

बेटांवरच्या बंदरात तात्यांनीच नौका लावली. तिथं भेटेल त्याला ते डोक्याची पट्टी दाखवून इंग्रजीत हकीकत सांगायचे आणि बादशाहकडं बोट करायचे, आणि सगळे पोट धरून हसायचे. बादशाहही हसायचा. विमानाचं तिकीट तात्यांनी रद्द केलं.

गेल्या महिन्यात ते सणसरहून भिगवणला आले होते. दुसऱ्या कुणाची तरी नौका मॉरिशसला न्यायची आहे, तिकडं निघाले होते. फरिदाभाभींनी जेवायला थांबवलं. मलाही बोलावलं होतं. तात्या तिखट खात होते, सगळ्यांना अरे-तुरे करत होते, फरिदाभाभींना पोरी म्हणत होते. निघायच्या वेळी बादशाह त्यांच्या गाडीपाशी गेला. आम्ही दारातच होतो.

"तात्या, मला न्ह्याल का?"

तात्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही, थोपटलं नाही, क्षणभर थांबलेसुद्धा नाहीत.

"न्हाय," ते म्हणाले आणि गाडीत बसले.